पाऊण फेरा

आमची गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे आणि घरात तिचा मान माझ्याहून बराच मोठा आहे. ह्यांना ती त्यांच्या मामांकडून मिळाली, तीही आमच्या लग्नाच्या आधी. त्यामुळे तिला सवत म्हणायचीही सोय नाही. आधी ती आली, म्हणजे सवत मीच. छत्तीस वर्षं मी तिच्यात ह्यांच्या शेजारी बसले, काच पुसायचं फडकं मांडीवर घेऊन. तिच्या चाकामागे बसायचा प्रश्नच कधी आला नाही, कारण तो मी विचारलाच नव्हता.

गेल्या हिवाळ्यात ह्यांचा डावा गुडघा बदलला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, जिने हळूहळू चढायला सांगितले, पण या गाडीचा क्लच म्हणजे विहिरीवरचा हातपंप; सहा महिने तरी त्याला पाय लावायचा नाही, असं बजावलं. हे ऐकून आमचे हे जितके कष्टी झाले तितके ऑपरेशनच्या दिवशीही नव्हते. कारण होतं मंडळाची सहल. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं गावात एक मंडळ आहे. वर्षातून एका रविवारी सगळ्या गाड्या टाउन हॉलसमोर रांगेत उभ्या राहतात, कोणीतरी झेंडा हलवतं, आणि मग बत्तीस किलोमीटरवरच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचं. ह्यांनी एकवीस वर्षांत एकही सहल चुकवलेली नाही. आमचा भाचा म्हणाला, मामा, काळजी करू नका, मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा.

मी म्हणाले, मी चालवते.

भाचा ह्यांच्याकडे बघू लागला. लायसन्स माझ्याकडे होतं. बाजारात न्यायची छोटी गाडी मीच चालवते, पण तिला क्लचच नाही. क्लच मी लायसन्सच्या परीक्षेपुरता शिकले आणि परीक्षा झाल्यावर, शाळेत माझ्या वर्गातली मुलं धडा विसरायची तसा, विसरून गेले. तरीही मला ही गाडी चालवायची होती. छत्तीस वर्षं मला सगळीकडे नेण्यात आलं होतं; एकदा तरी मला ह्यांना न्यायचं होतं. इतकं साधं होतं ते, पण मनात धरल्यावर मात्र सुटेना.

पहिल्या आठवड्यात मी फाटकापासून वाण्याच्या दुकानापर्यंत अकरा वेळा गाडी बंद पाडली. हे शेजारी बसून खिडकीबाहेर बघायचे आणि घसा खाकरायचे. शेवटी एका रात्री जेवताना ह्यांनी अट घातली. सहलीच्या आधीचे दहा दिवस मी रोज एकटीने चौकापर्यंत जाऊन यायचं. गाडी एकदाही बंद पडता कामा नये. पडली, तर भाचा चालवेल. मी गणिताची शिक्षिका होते, एकतीस वर्षं मी पेपर काढले आणि तपासले. परीक्षेला मी नाही म्हणणार नव्हते.

पहिल्या दिवशी, गुरुवारी, गाडी एकदाही बंद पडली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौकातल्या सिग्नलला क्लच सोडला की गाडी हरणासारखी निघायची. मला आकाश ठेंगणं झालं. बहिणीला फोन करून सांगितलं, मग आणखी दोघींनाही सांगितलं.

एकच खोट होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी इंजिन शांत व्हायचं नाही. उभ्या गाडीतही धावतच राहायचं. रेस अशी वर राहिली की ह्या जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर सुखाने पडत नाही. दर सिग्नलला असा खरखराट व्हायचा की फुटपाथवरची माणसं माना वळवून बघायची. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, जुनी गाडी आहे, असायचंच. ज्या माणसाने एकदा वायपरच्या कुरकुरीवर अख्खा आठवडा घालवला होता, तो हे म्हणाला. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मी आपल्याच कौतुकात होते.

सोमवारी मी ह्यांना न सांगता गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीला सगळे नळीवाला म्हणतात, कारण तो रबरी नळीचं एक टोक कानात घालतो, दुसरं इंजिनावर फिरवतो आणि डोळे मिटून ऐकतो. चाळिशीचा माणूस आहे, बोलतो कमी, आणि ग्राहकाला काम शिकवायला त्याला आवडतं. मला ते बरं वाटलं. मी स्टूल ओढून बसले.

त्याने आधी इंजिन चांगलं तापू दिलं. थंड इंजिनाची रेस वरच असते, त्यावरून काही ठरवायचं नाही, म्हणाला. मग चोक पाहिला. बटण आत ढकललं की झडप पूर्ण उघडते की कुठे अडकून राहते ते बघितलं. चोक ठीक होता. ॲक्सिलरेटरची वायर ताणलेली नव्हती, परत ओढणारी स्प्रिंगही जागेवर होती. मग त्याने नळी कानात घातली आणि कार्बोरेटर जिथे इंजिनाला बसतो त्या सांध्याभोवती फिरवली. एके ठिकाणी थांबला आणि नळी माझ्याकडे दिली. मला एक बारीक शीळ ऐकू आली. त्याने तिथे सफाईच्या डब्यातला स्प्रे मारला, तशी इंजिनाची चाल क्षणभर बदलली. "हवा खातेय," तो म्हणाला. सांध्यातलं पॅकिंग एका कडेला चिरलं होतं. जेवढी जास्तीची हवा आत जाते तेवढी रेस चढते, आणि ती हवा कार्बोरेटरला विचारून जात नाही, हे त्याने मला नीट समजावून सांगितलं.

पॅकिंग बदललं तशी रेस थोडी उतरली, पण पुरती नाही. मग त्याने आयडलिंगचा स्क्रू दाखवला. हा स्क्रू आत फिरवला की पाय काढल्यावरही झडप थोडी उघडी राहते आणि रेस वाढते; बाहेर काढला की कमी होते. तो जरुरीपेक्षा बराच आत होता. मिस्त्रीने तो बाहेर काढत काढत इंजिन मिनिटाला सातशे फेऱ्यांवर आणलं. गाडी अशी शांत झाली की मला वाटलं बंदच पडली. स्क्रूच्या डोक्यावर त्याने ब्रशने एक पांढरा टिपका लावला, बरोबर वरच्या बाजूला. पुन्हा हलला तर कळावा म्हणून. नवं पॅकिंग कसं बसलंय ते ऐकायला घरापर्यंत तोच चालवत आला.

मंगळवारी सकाळी मी गाडी काढली, तर रेस पुन्हा वर. गाडी झोकात निघाली, चौकात खरखराट झाला, लोकांनी माना वळवल्या. गाडी अर्थातच बंद पडली नाही. पण आता मला तो आवाज सहन होईना.

बुधवारी दुपारी, हे झोपलेले असताना, मिस्त्री घरीच आला. त्याने बॉनेट उचललं आणि नळी काढलीच नाही. नुसता वाकून बघत राहिला. वरचा टिपका आता डाव्या बाजूला होता. स्क्रू उजवीकडे, आतल्या बाजूला, पाऊण फेरा फिरला होता.

मी म्हणाले, धक्क्यांनी फिरला असेल, आमच्या गल्लीत खड्डे थोडे आहेत का.

तो अवजारांच्या पिशवीकडे बघत म्हणाला, "काकू, धक्क्यांनी स्क्रू सैल होतो. सैल झाला तर रेस उतरते. आत घट्ट जायला हात लागतो." थोडं थांबून पुढे म्हणाला, "गाडीत आता काही दोष नाही. घरात विचारा."

त्याने स्क्रू पुन्हा टिपक्यावर आणून ठेवला. मी पैसे देऊ लागले तर घेतले नाहीत.

आमच्या घरात माणसं दोनच. मी एकतीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फिरले आहे. कोणाच्या बाहीत कागद आहे ते मला दारातून कळायचं. आणि इथे चक्क माझ्याच ताटाशेजारी बसणारा माणूस मला ताकास तूर लागू देत नव्हता. गुरुवारी मी साडेपाचला उठले. ह्यांची बाजू रिकामी होती. मागच्या शेडमध्ये दिवा होता. काठी बंपरला अडकवलेली, बॉनेट उघडं, आणि आमचे हे ऑपरेशनचा पाय लांब सोडून, एका हाताने मडगार्ड धरून, दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवत होते. फिरवून झाल्यावर बॉनेट त्यांनी इतकं अलगद लावलं, जणू पाळण्यातलं मूल उठेल.

"किती फेरे?" मी विचारलं.

ते दचकले नाहीत. काठी शोधत राहिले. तपासत होतो, म्हणाले. मी म्हणाले, पाऊण फेरा का, आणि मग मात्र त्यांना बोलणं भाग पडलं.

"रेस वर असली की क्लच चुकला तरी गाडी मरत नाही," ते म्हणाले. "मला भाच्याशेजारी बसून तळ्यावर जायचं नाहीये. तुझ्याबरोबर जायचंय."

"मग अट कशाला घातलीत?"

"तोंडातून गेली. मग मागे घेता येईना."

मला एकाच वेळी ह्यांना मिठी मारावीशी वाटली आणि अंगाचा तिळपापडही झाला. दोन्हींत तिळपापड जिंकला. कारण ह्याचा अर्थ एवढाच होता की आठवडाभर गाडी मी चालवलीच नव्हती, त्या स्क्रूने चालवली होती. बहिणीला, आणखी दोघींना मी जे सांगितलं ते सगळं कॉपी करून मिळवलेले मार्क होते. हे म्हणाले, झालं गेलं, रविवारपर्यंत राहू दे असंच, सोमवारी खाली आणू. मी त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, बॉनेट उघडलं आणि टिपका वर येईपर्यंत स्क्रू स्वतः मागे फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीच्या आतल्या भागाला माझा हात लागला.

त्या दिवशी चौकापर्यंत जाताना गाडी चार वेळा बंद पडली. चौथ्या वेळी मागून हॉर्नचा कल्लोळ उठला आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं दोन सिग्नल जाईपर्यंत रडले. घरी येऊन भाच्याला फोन केला आणि रविवारी साडेसातला ये म्हणून सांगितलं. ह्यांना सांगितलं, अट म्हणजे अट. 

शुक्रवारी दुपारी हे काठी घेऊन गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि हॉर्न वाजवला. मी बाहेर आले. चल, म्हणाले. मी म्हणाले, परीक्षा संपली. परत हॉर्न. गल्लीतली माणसं बघू लागली तेव्हा मी मुकाट्याने बसले.

शाळेच्या चढावर, नेमकी मुलं सुटायच्या वेळी, गाडी बंद पडली. मी गिअर काढला, ब्रेक दाबून धरला, चावी फिरवली. गाडी चालू झाली. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.

"बंद पडल्यावर चालू करता येते ना तुला?" हे म्हणाले. "मग झालं. अटच चुकीची होती. मी काय कमी वेळा पाडलीय? तुझ्यासमोर पाडली की म्हणायचो, पेट्रोलमध्ये कचरा आला."

मी चढाच्या मध्यावर त्यांच्याकडे बघतच राहिले. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा बाहेरगावी निघालो होतो तेव्हाचा कचरा. तान्ह्या मुलीला दवाखान्यातून घरी आणताना फाटकात आलेला कचरा. मी छत्तीस वर्षं पेट्रोलपंपवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घालत आले होते. मला जे हसू फुटलं ते आवरेना, आणि हसता हसता क्लच सुटला. गाडी पुन्हा बंद पडली. हे पण हसू लागले. मागे शाळेची बस थांबली होती. तिच्या ड्रायव्हरला आम्ही वेडे वाटलो असणार.

घरी येऊन भाच्याला ह्यांनी स्वतः फोन केला. येऊ नकोस म्हणाले. का, ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, गाडी तुझी मामी चालवते.

रविवारी टाउन हॉलसमोर झेंडा हलला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आमची गाडी बंद पडली.  हे समोर बघत राहिले, दोन्ही हात मांडीवर. मी चावी फिरवली आणि आम्ही निघालो. पहिला गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला होता, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. तळ्याकाठी चहा झाला, मंडळाच्या लोकांनी बॉनेट उघडून बघितलं, नळीवाल्याचं कौतुक झालं. माझंही थोडं झालं. परतताना ऊन कलतं होतं आणि रस्ता मोकळा होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की शेजारून काहीच सूचना येत नाहीयेत. वळून बघितलं तर हे झोपले होते, मान खिडकीला टेकवून, तोंड जरासं उघडं. या गाडीत मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

रेल्वे फाटकाशी थांबले. आगगाडी गेली, फाटक वर झालं, मी क्लच सोडला आणि इंजिन मेलं. त्या शांततेने ह्यांचे डोळे किलकिले झाले.

"काय झालं?"

"काही नाही. झोपा."

ते झोपले. मी गिअर काढला, ब्रेक दाबून धरला आणि चावी फिरवली.