म्हातारा परत येतो की नाही

“पण सर, ह्यात म्हातारा घरी परत येतच नाही,” संपादकबाई म्हणाल्या आणि छापायला निघालेलं पान त्यांनी दहावाल्यांच्या पुढ्यात सरकवलं.

दहावाल्यांनी चष्मा वर केला, खाली केला, ओठ हलवले आणि वाचल्याचं सोंग झकास वठवलं. पान त्यांना नुसतं करडं दिसत होतं. मधोमध वाटीएवढी जागा जरा स्वच्छ होती, तीत तीन-चार अक्षरं पोहत होती.

सव्वीस वर्षं ते साप्ताहिकात हे सदर लिहीत होते. शुक्रवारी लागून मंगळवारी उतरलेले, कुणी न पाहिलेले, गेल्या वर्षातले दहा सिनेमे. वर्ष सरलं की यादी यायची. कचेरीत त्यांचं खरं नाव केव्हाच मागे पडलं होतं. लिफ्टवाल्यापासून मालकांपर्यंत सगळ्यांना ते दहावालेच. गेल्या खेपेला यादीतला एक सिनेमा पुन्हा लागला आणि चक्क तीन आठवडे चालला. तेव्हापासून गरीब दिग्दर्शक ह्या यादीवर डोळे लावून बसत. ह्या वर्षीचा पहिला क्रमांक एका नावाड्याच्या सिनेमाचा होता. नावाड्याची नजर जात चाललेली असते. दहावाल्यांनी लिहिलं होतं : सून काठावरून हाका मारत राहते आणि म्हातारा त्या हाकेच्या रोखाने नाव वल्हवत घरी येतो, वर्षभरात ह्याहून चांगला शेवट झाला नाही.

“महोत्सवाची प्रत कधीकधी वेगळी असते,” दहावाले म्हणाले.

“मी आज सकाळी पाहिला, सर. हाक नाही, सून नाही. तो पाण्यात चालत जातो आणि सिनेमा संपतो. मग मी दिग्दर्शकालाच फोन केला. एकच प्रत आहे म्हणाला. पहिला नंबर ऐकून रडायला लागला हो बिचारा. आणि तुमचा मजकूर वाचून दाखवला, तर रडायचाच थांबला.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, त्यांनी पाहिलाच नाही का?”

संपादकबाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, पण खुर्ची खुर्ची असते. त्यांनी आवाज खाली आणला. “सर, रागावू नका. पाहिलात ना?”

हा प्रश्न दहावाल्यांना थोबाडीत बसावी तसा बसला. न पाहता लिहिणाऱ्यांचा त्यांनी आयुष्यभर दुस्वास केला होता. उंटावरून शेळ्या हाकणारे, असं त्यांना तोंडावर म्हटलं होतं. आता आपलंच पितळ उघडं पडत होतं आणि बोलायची सोय नव्हती. दिसत नाही म्हणावं तर सदर जातं. दिसतं म्हणावं तर चोर ठरतो. सदर गेलं की आपण कोण? निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, लेक परदेशात होती, आणि जगात त्यांची वाट पाहणारं असं हे एवढं एकच पान होतं.

“पाच वाजेपर्यंत नीट करून द्या,” बाई म्हणाल्या. “नाहीतर मला दुसऱ्या कुणाला सांगावं लागेल.”

दहावाले रिक्षाने घरी आले. जिन्याला बावीस पायऱ्या, दहावीनंतर वळण, हे पायांना पाठ झालं होतं. डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं : काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. उरलेलीही टिकली नाही. ही गोष्ट डॉक्टर, ते आणि बायको ह्यांच्यापलीकडे कुणाला ठाऊक नव्हती.

बायको शिलाईकाम करायची. दुपारी मशीन बंद करून ती त्यांच्याशेजारी बसे आणि पडद्यावरचं सगळं सांगत जाई. संवाद त्यांना ऐकू येत, बाकीचं ती पुरवी. “आता तो दारात उभा आहे. कोट दुसऱ्याचा घातलाय, खांद्यात सैल आहे. बाई त्याच्याकडे बघत नाहीये.” मग दहावाले फोनमध्ये बोलून लेख उतरवत. गेल्या वर्षभरात त्यांच्या लेखांत कॉलर, बाह्या नि सुटलेली बटणं फार येऊ लागली होती. वाचकांची पत्रं आली : तुमची नजर वयाबरोबर बारीक होत चालली आहे. त्या पत्रांवर नवराबायको हसली, आणि मग दहावाले न्हाणीघरात जाऊन रडले.

आज ती एका पडद्याला दुमड घालत होती. पावलांवरूनच तिला काहीतरी कळलं असावं. मशीन थांबलं.

“तो नावाडी घरी येतो का गं?” त्यांनी दारातूनच विचारलं.

तिने पडद्यातला दोरा तोडला.

“मी तुला विचारतोय. सव्वीस वर्षांत माझं नाक कुणी कापलं नव्हतं. मला सांग, येतो का?”

“नाही येत,” ती म्हणाली.

“मग सून? हाका?”

“ते मी घातलं. शेवटी नुसतं पाणीच होतं, कुणी बोलत नव्हतं. तुम्हाला कळणार नाही असं वाटलं. आणि तुम्ही त्यालाच पहिला नंबर द्याल हे मला काय माहीत? इतके दिवस यादीत तो दहाव्या नंबरावरच होता!”

“पण का? फसवायला मीच सापडलो तुला?”

“त्याच आठवड्यात तुम्ही गच्चीची किल्ली मागितली होतीत.” ती म्हणाली. “हवा खायला म्हणून. पाच वर्षांत कधी गच्चीवर गेला नाहीत. मी हरवली म्हणून सांगितलं. आणि चौथ्या दिवशी तो सिनेमा. आंधळा होत चाललेला माणूस नि तो असा... माझ्या तोंडून ते निघेना हो. काय वाट्टेल ते करा, पण निघेना.”

दहावाले खाटेवर बसले. मग त्यांनी फोन काढला आणि त्याला संपादकबाईंचं नाव सांगितलं.

“बाई, मी सिनेमा पाहिला नाही. बायकोकडून ऐकला. वर्षभर सगळेच ऐकलेत. मला दिसत नाही.”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, “सर, आधी सांगायचं होतंत.”

“हो. पहिला नंबर त्याचाच राहू द्या. शेवटाची ओळ तेवढी काढा. त्या दिग्दर्शक मुलाला म्हणावं, चूक माझी होती.”

“काढते. पण पुढच्या वर्षी, सर...”

“कळलं मला,” दहावाले म्हणाले. आणि बाईंना पुढचं म्हणायची वेळ येऊ न देता त्यांनी फोन ठेवला.

एवढ्याशा संभाषणात सव्वीस वर्षं आटोपली. बायको येऊन शेजारी बसली.

“आता खरा शेवट सांग,” ते म्हणाले. “काही घालू नकोस. काही गाळू नकोस.”

तिने पदराने नाक पुसलं आणि सांगायला घेतलं. “सकाळ आहे. तो नाव काठाला बांधतो, गाठ दोनदा ओढून बघतो. मग शर्ट काढतो. निळा आहे, कोपरावर ठिगळ आहे, ठिगळाचे टाके बाईच्या हातचे आहेत. त्याची घडी करतो. नीट करतो, बाह्या आत घालून. दगडावर ठेवतो, वर चष्मा ठेवतो. आणि चालायला लागतो. पाणी गुडघ्यापर्यंत येतं, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. मागे वळत नाही. मग नुसतं पाणी. बस.”

“आणि तो शर्ट?”

“कुठला शर्ट?”

“दगडावरचा. तो कोण उचलतं?”

“ते दाखवलं नाही,” ती म्हणाली. “पण उचलावा लागलाच असेल ना कुणाला तरी. जिने ठिगळ लावलं तिलाच. दुसरं कोण येणार?”

दहावाले ऐकत होते. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. त्यांनी पँटच्या खिशात हात घातला आणि एक किल्ली काढली. रखवालदाराकडे गच्चीची जादा किल्ली असते, आठवड्यापूर्वी त्यांनी ती गोड बोलून मिळवली होती. ती बायकोच्या हातात द्यायला त्यांना तिचा हात शोधावा लागला.

तिने किल्ली चाचपली आणि ती कशाची हे तिला कळलं. ब्लाउजला टोचलेली पिन काढून तिने किल्ली आपल्या पदराच्या टोकाला लावली, मशीनवर जाऊन बसली आणि पडद्याची राहिलेली दुमड शिवू लागली. टाके वाकडे पडत होते. तिने ते उसवले आणि पुन्हा घातले.