भाऊ वगळून
ओककाकांना घेऊन अँब्युलन्स वळणाआड गेली आणि बांग चोल-गूने सगळ्यांत आधी काय केलं, तर गाडीच्या डॅशकॅममधलं, म्हणजे समोरच्या कॅमेऱ्यातलं, कार्ड उपसून स्वतःच्या खिशात घातलं. त्याच्या बायकोने, इन-सुकने ते पाहिलं. नवरा घाबरला की हात आधी चालतात आणि डोकं मागाहून पोचतं, हे अठरा वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं.

"वीस मिनिटांत विम्याचा माणूस येतोय," तो म्हणाला. "गाडी तू चालवत होतीस. कळलं?"

"मी? अहो, चौदा वर्षं माझं लायसन्स कपाटात पडलंय!"

"पडलंय, पण आहे ना? मग झालं तर."

चुसोकची, कोरियातल्या पितरांच्या सणाची, सकाळ होती. पितरांची पूजा आटोपली, आणि नैवेद्याच्या दारूचे दोन पेले चोल-गूने रीतीप्रमाणे घशाखाली घातले. म्हणून डोंगरावर वडिलांच्या थडग्याकडे निघताना किल्ली धाकट्या भावाने, चोल-ह्वानने घेतली. तो कुरिअरची गाडी चालवतो, थेंबालाही शिवत नाही. चोल-गू त्याच्या शेजारी, सासूबाई आणि इन-सुक मागे बसल्या. शेतातल्या अरुंद रस्त्यावर शेजारचे ओककाका पॉवर टिलर घेऊन अचानक आडवे आले. चोल-ह्वानने करकचून ब्रेक दाबला, तरी धक्का बसलाच. टिलर उलटला, काका भाताच्या शेतात फेकले गेले आणि त्यांची मांडी मोडली.

"मी विमा कंपनीत फोन केला तर तिथली पोरगी काय विचारते? चालक नात्याने कोण?" चोल-गू फणफणत होता. "म्हणाली, पॉलिसीत फक्त कुटुंब आहे, भाऊ नाही. बघ कसे चोर असतात! स्वस्त देतो म्हणायचं आणि गुपचूप भाऊ कापायचा. मी लगेच म्हटलं, बायको चालवत होती."

इन-सुकने मान खाली घातली. कंपनीने काही कापलं नव्हतं.

अकरा वर्षं त्यांचा विमा एजंट मा-बाईंकडे होता. त्या दर सणाच्या आधी फोन करायच्या, कोण गाडी चालवणार ते विचारायच्या, वर कधी टॉवेल, कधी तेलाची बाटली आणून द्यायच्या. पण हप्ता दरवर्षी थोडा फुगायचाच. या वसंतात इन-सुकने मोबाइलवर नऊ कंपन्या शेजारी शेजारी मांडल्या. भाजीबाजारात दोन विक्रेत्यांना झुंजवावं तशी मजा आली तिला. भाव खरोखरच उतरला, त्यात काही फसवणूक नव्हती. मग शेवटचा प्रश्न आला: कुटुंब आणि भावंडं, की फक्त कुटुंब? विम्याच्या लेखी नवरा-बायको, आई-बाप, सासू-सासरे, मुलं, सून-जावई हे कुटुंब. भाऊ त्यात येत नाही. भावंडं काढली की आणखी एक्केचाळीस हजार वॉन वाचत होते. तिने ते वाचलं, समजून घेतलं आणि बोट टेकवलं. घरी फक्त शेवटचा आकडा सांगितला. नवऱ्याने कचेरीत तिचं कौतुक केलं.

आज अंगणात दिराने किल्ली घेतली तेव्हा तिला ते आठवलंही होतं. पण सासूबाईंसमोर काय म्हणायचं? भावोजी, तुम्ही चालत नाही? दहा मिनिटांचा तर रस्ता, म्हणून ती गप्प बसली होती.

आणि आता खोटं बोलणंच पुण्याचं वाटत होतं. चालक कोणीही असला तरी सक्तीच्या विम्यातून मिळेल ते तुटपुंजं. बाकी ऑपरेशन, महिनोन्महिन्यांची उसाभर, सगळं चोल-ह्वानच्या मानेवर, आणि तो दोन पोरांना घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. खुद्द ओककाका स्ट्रेचरवरून कण्हत म्हणाले होते, "सूनबाई चालवत होती म्हणा रे. मीही तेच सांगेन. माझ्या पायाचा खर्च तरी निघेल."

रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून चोल-ह्वान काकांचा चिखलाने भरलेला बूट गवताने पुसत होता.

विम्याचा माणूस आला. पन्नाशीचा, सकाळपासून अशाच कामांवर धावून थकलेला. "चालवत कोण होतं?"

"मी," इन-सुक म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं.

त्याने फोटो काढले, टिलरभोवती फिरून आला. मागे डोंगरावर जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती आणि हॉर्न सुरू झाले होते.

"मॅडम, गाडी जरा कडेला घेता का?"

ती आत बसली. पाय पेडलपर्यंत पोचतच नव्हते. उंच दिराने सीट पार मागे सरकवली होती. तिने सीटखाली हात घातला, चाचपला. कळ कुठे असते तेच तिला माहीत नव्हतं.

तो माणूस खिडकीशी वाकला. "सीट पुढे घ्या ना," इतकंच म्हणाला, अगदी हळू.

समोर चोल-गू डोळ्यांनी दटावत होता. त्याच्या मागे चोल-ह्वान बूट हातात धरून उभा राहिला होता, आणि आपल्यासाठी हे चाललंय याची त्याला इतकी लाज वाटत होती की तिला ती पाहवेना. ती खाली उतरली.

"मी नव्हते चालवत. भावोजी चालवत होते."

"अगं ए! डोकं फिरलंय का तुझं?" चोल-गू ओरडला.

त्या माणसाने ना आवाज चढवला ना तोंड वाकडं केलं. "म्हणजे भाऊ. मग ते कुटुंबात मोडत नाहीत. आज सकाळपासूनची ही अशी चौथी गाडी."

"मोडत नाही म्हणजे?" सासूबाई गाडीतून उतरल्या. "माझ्या पोटचा आहे तो! मी आहे का तुझ्या त्या कागदात?"

"तुम्ही आहात, आजी."

"मग लिही, मी चालवत होते."

कुणालाही हसू आलं नाही.

"आई, या कंपनीनेच चोरून त्याला..." चोल-गूने सुरुवात केली.

"कंपनीने नाही," इन-सुक म्हणाली. "मी काढलं भावोजींना. वाचून, समजून. एक्केचाळीस हजारांसाठी." सगळ्यांदेखत नागडं उभं राहावं तसं तिला झालं. "कुणी चोरून काही केलं नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"वहिनी," चोल-ह्वान म्हणाला, "माझ्या गाडीच्या विम्यात दादा नाही. गेल्या वर्षी मीच काढला. म्हटलं, दादाला माझी गाडी कशाला लागतेय. काकांचं मी बघतो. कसंही करून बघतो."

"एकटा काय बघतोस!" चोल-गू ओरडला खरा, पण त्यातली हवा गेली होती. त्याने खिशातलं कार्ड काढलं आणि विम्याच्या माणसापुढे धरलं.

सासूबाई मात्र अजून तिथेच अडकल्या होत्या. "थांब रे. ह्या थोरल्याच्या कागदात मी आहे?"

"हो, आजी."

"आणि धाकट्याच्या?"

"कुटुंब घेतलं असेल तर तिथेही असाल."

"म्हणजे दोन्हीकडे मीच तेवढी." त्यांनी थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. "आणि मी गेल्यावर रे?"

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.