काळ्या मण्यांची पाटी

मंगळसूत्रं ओवण्यात मंगलआत्याचा मंचरच्या बाजारात जन्म गेला. म्हणून भाचीनं, कॉम्प्युटर शिकणाऱ्या संस्कृतीनं, कॉलेजातली जुनी पाटी घरी आणून भिंगाखाली धरली, तेव्हा आत्या चटकन म्हणाली, “कुणाच्या लग्नाची पोत गं?” पाटीवर खसखशीएवढे काळे मणी अन् आरपार तांब्याच्या तारा!

“ही पहिल्या-पहिल्या कॉम्प्युटरांची मेमरी, आत्या. एका मण्यात फक्त हो नाहीतर नाही साठायचं. वीज गेली तरी मणी विसरायचा नाही. कारखान्यातल्या बायांनी हातानं ओवलेत.”

आत्या भिंगावर आणखी वाकली. “नावं काय त्यांची?”

“ते नाही ठाऊक.”

“मणी इसरत न्हाई, आन् तुमी इसरलात व्हय?”

नव्या पोतीला लावायची तसं हळदकुंकू तिनं पाटीला लावलं.

संस्कृतीनं पाटी कुंकवासकट कॉलेजच्या कपाटात परत ठेवली.