काढून ठेवलेली वाटी

घाटाच्या चढावरच्या वळणावर साठ-सत्तर माणसे उभी होती आणि कोणीही बोलत नव्हते. खाणीकडून उतरलेल्या धुक्यात बर्फाची एक पिकअप गाडी रस्त्याच्या मधोमध निमूट उभी होती. मागच्या बर्फाच्या लाद्यांतून पाणी ठिबकत होते आणि निवत चाललेल्या इंजिनातून टिक् टिक् असा बारीक आवाज येत होता. त्या आवाजाला कान लावून, भुते उतरवणारे महाराज बॉनेटवर ओणवे झाले होते.

"आलास?" ते इंजिनाला म्हणाले.

गाडीत बसलेल्या म्हातारीने तोंडावर हात धरला. आठ महिन्यांपूर्वी तिचा मुलगा याच वळणावर, याच गाडीच्या स्टिअरिंगवर, छातीत कळ येऊन गेला होता. गाडीवेडा माणूस, इंजिनाची ताकद त्याने हौसेने दीडपट करून घेतली होती. त्याच्यामागे बर्फाच्या कारखान्यापासून डोंगरापलीकडच्या मासळीबाजारापर्यंत गाडी त्याची बायको चालवू लागली, आणि तेव्हापासूनच गाडी इथे, नेमकी इथे, बंद पडू लागली. मी त्यांचा शेजारी, तिला वहिनी म्हणतो; शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. खरे सांगायचे तर त्या सकाळी माझ्याही अंगावर काटा आला; परंतु अंगावर काटा येणे हा पुरावा नव्हे.

"बायकोनं स्टिअरिंग धरलेलं याला खपत नाही," महाराज म्हणाले. "म्हणतो, ही बसेल तोवर धरून ठेवीन. त्याला मान द्या! गाडी मागे सपाटीवर येऊ द्या. आता किल्ली अर्धी फिरव, बाई. अर्धीच! त्याला ऐकू जाऊ दे."

महाराज पुटपुटू लागले. गाडीच्या पोटातून कोणी कण्हावे तशी घरघर आली.

"ऐका! रडतोय!"

मागच्या रांगेतले दोघे-तिघे खरोखरच रडू लागले. थोड्या वेळाने महाराजांनी हात उचलला, वहिनींनी किल्ली पुरती फिरवली आणि इंजिन गर्जत सुरू झाले.

"तहानलाय तो. टाकी काठोकाठ भरा," महाराजांनी बजावले. "आणि आठ दिवसांत गाडी माझ्या अंगणात आणून सोडा. त्याशिवाय सुटका नाही."

टाकी भरली, आणि चार दिवस गाडी मुळीच थांबली नाही. गावाला आणखी काय हवे होते? पाचव्या दिवशी ती पुन्हा वळणावर बंद पडली.

त्या संध्याकाळी वहिनी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. "सर, गाडी दिली तर माझं काम गेलं. नाही दिली तर आई माझ्याशी बोलायच्या नाहीत. त्या रोज शेजारी बसून येतात, गाडी थांबली की हळूच त्याच्याशी बोलतात. काय करू?"

"वहिनी, गाडी बंद पडते तेव्हा डिझेलचा काटा कुठे असतो?"

त्या आठवून म्हणाल्या, "पाव टाकीच्या खाली. दर वेळी. हे तर टाकी अर्ध्याखाली जाऊच देत नसत. मला वाटायचं, गाडीचे लाड."

दुसऱ्या दिवशी आम्ही गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. हा म्हातारा माणसांपेक्षा पंपांशी अधिक प्रेमाने बोलतो.

"भूत डिझेल पितं होय?" तो म्हणाला. "आमचा साडू तरी बरा, पाणी घालून पितो." एवढे बोलून त्याने टाकीकडून येणाऱ्या नळीचा एक तुकडा बदलून तिथे पारदर्शक नळी बसवली.

आठव्या सकाळी वळणावर पुन्हा गर्दी होती. काटा पावाखाली होता. गाडी चढली, उजवीकडे वळली, आणि त्या नळीत बुडबुडे धावू लागले. इंजिन आचके देत थांबले.

मिस्त्रीने खिशातून काचेची बाटली काढली. पाव बाटली पाणी, आत पोकळ काडी. त्याने ती तिरपी केली. पाणी एका अंगाला गेले, काडीचे टोक उघडे पडले. "ओढा आता! येते ती हवा. कंपनी टाकीतल्या नळीच्या टोकाभोवती वाटी बसवते. चढावरही तिच्यात घोटभर डिझेल राहतं. ह्या इंजिनाला पाजायला पोरानं जाड नळी घातली आणि वाटी काढली. टाकी भरलेली असली तर टोक बुडालेलं राहतं. त्याला हे ठाऊक होतं."

"आणि मंत्रानं गाडी सुरू होते ती?" महाराज कडाडले.

"गाडी सपाटीवर घेतली की टोक बुडतं. किल्ली अर्धी फिरवली की पंप हवा हाकलतो. हा मंत्र मला ट्रकवरच्या उस्तादानं शिकवला. तुम्ही कोणत्या गाडीवर होता?"

"दहा चाकी—" महाराज म्हणाले, आणि थांबले.

हशा उसळला, पण फार टिकला नाही, कारण म्हातारी खाली उतरली होती.

"मग कण्हत होता तो कोण?"

"पंप, आई," वहिनी म्हणाल्या.

"आणि आठ महिने मी कोणाशी बोलत होते?"

वहिनींनी खाली उतरून तिचा हात धरला. महाराज मात्र धुक्यात दिसेनासे झाले होते.

वाटी घरीच सापडली, मुलाच्या हत्यारांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळलेली. सोबत त्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती: "नंतर बसवायची." वहिनींनी ती दोनदा वाचली, आणि मिस्त्रीने काम संपवेपर्यंत मुठीत धरून ठेवली.

वाचकहो, माझे म्हणणे एवढेच आहे. त्या महाराजाने भूत निर्माण केले नाही. नळीतली हवा आणि आईचे दुःख यांची त्याने गाठ मारली. हवा शोधता येते, आणि शोधलीच पाहिजे. काटा कुठे होता, हे विचारल्याने मृताचा अपमान होत नाही. न विचारल्याने जिवंताचे घर बुडते.

पुढल्या सकाळी पाव टाकीवर गाडी चढली. मी मागे लाद्यांपाशी बसलो होतो. वळण आले. इंजिनाचा सूर जराही हलला नाही, आणि मागच्या काचेतून मला दिसले, म्हातारीने डोळे मिटून घेतले होते.

वळण संपताच वहिनींनी गाडी कडेला घेतली आणि स्वतःच्या हाताने किल्ली फिरवली. शांतता पसरली, निवणारे इंजिन टिक् टिक् करू लागले.

"पुन्हा बंद पडली का गं?"

"नाही, आई. मी थांबवली. बोला तुम्ही. बर्फ थोडा वितळला तर वितळू दे."