शेवटच्या बेटाचं उत्तर

आचाओच्या बंदरात नेलिदाचा संगणक इतका तापायचा, की त्याच्या उबेवर कोंबडीनं पिल्लं काढली. लोक बारा सांगतात. लोकांना वाढवून सांगायची खोडच. चार होती.

तापणारच. नेलिदाचे वडील आबेलार्दो होडी घेऊन गेले ते परतलेच नव्हते, आणि शाळेत संगणक शिकवणाऱ्या या लेकीनं त्यांना शोधायला प्रोग्राम लिहिला होता. आधी आचाओच्या मोठ्या बेटाला विचारायचं, बाबा तुझ्याकडे आहेत का? नसतील तर त्यानं तोच प्रश्न पलीकडच्या छोट्या बेटांना विचारायचा, त्यांनी आणखी छोट्यांना. आणि पुढच्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. बेटाबेटांवरचे वायरलेसचे निरोप ओविदिओमामा आणून द्यायचा, ते ती आत भरायची.

पण शेवटच्या खडकापलीकडे बेटच नाही. तिथं ‘नाहीत’ म्हणणारी ओळ हवी, म्हणजे उत्तर एकेक बेट मागं येत घरी पोचतं. नेलिदानं तिथं लिहिलं होतं: पुन्हा विचार. मग अडकलेले प्रश्न एकावर एक साचायचे, यंत्र गुदमरून बंद पडायचं, आणि ती ते पुन्हा सुरू करायची.

त्या संध्याकाळी मामा शेवटच्या खडकावरचा निरोप घेऊन आला. आबेलार्दोंचं वल्हं सापडलं होतं. बाकी काही नाही. नेलिदानं ऐकलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. मामानं पडद्याकडं पाहिलं.

“मास्तरीणबाई, ही चूक मी केली असती तर बाकावर उभं केलं असतंस.”

“चूक नाहीये ती, मामा.”

चुलीपाशी तिची आई एर्मेलिंदा माते, म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा, ओतत होती. पेला म्हणून पोखरलेला एकच भोपळा, सगळ्यांत फिरणारा. ‘आभार’ म्हटलं की तुमची पाळी संपली. तोवर तो येतच राहणार. आबेलार्दो घाईत निघाले, म्हणायचं राहून गेलं. म्हणून त्यांच्या पाळीला ती भोपळा भरायची, रिकाम्या बाकापुढं धरायची, निवला की राखेत ओतायची.

आज तिनं ओतला नाही. स्वतः सावकाश प्यायली, पार तळापर्यंत.

“आभार,” ती बाकाकडं बघून म्हणाली. मग लेकीला म्हणाली, “पोरी, माणसाला किती ताटकळत ठेवायचं?”

नेलिदानं ‘नाहीत’ म्हणणारी ती ओळ लिहिली. खडकानं नाही म्हटलं, मग त्याच्या अलीकडच्यानं, मग त्याच्याही अलीकडच्यानं. सरतेशेवटी आचाओनं.

यंत्र हळूहळू गार झालं. पिल्लं चिवचिवत चुलीपाशी आली, आणि एर्मेलिंदानं त्यांना शालीखाली घेतलं.