लाल पट्टीचा फ्लास्क

प्रयोगशाळेत सगळ्यात नव्याने आलेल्याला 'बाळ' म्हणायची पद्धत होती. पुढचा विद्यार्थी येईपर्यंत तो बाळच राहायचा, वय काही का असेना. त्यामुळे नोकरी सोडून तेहेतिसाव्या वर्षी पीएच.डी.ला आलेली ती बाळ झाली, आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान पण तिथे सगळ्यात जुना असलेला मुलगा 'आजोबा'. मधल्या काळात आलेली एकच मुलगी होती, तिला मधली म्हणत. आजोबा या नव्या बाळाला "अहो बाळ" अशी हाक मारायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने मागे कोण उभं आहे ते वळून पाहिलं होतं.

तिला खरं तर हायसं वाटलं होतं. इथे येताना तिने धास्ती घेतली होती की पोराटोरांत आपण मावशी दिसणार, आणि ती पोरं तोंडावर नाही तरी पाठीमागे हसणार. इथे हसायचं ते तोंडावरच हसून झालं होतं.

बाकीही गोष्टी अपेक्षेपेक्षा सोप्या गेल्या. चष्म्याच्या दुकानावरची एक खोली मिळाली. लहान, पण उजेडाची. खिडकीखाली टेबल मावत होतं आणि नळाला दिवसभर पाणी होतं. आई ताईकडे राहायला गेली होती आणि भाऊजींनी आईसाठी आपली बसायची खोली रिकामी करून दिली होती. तिने नको नको म्हटलं तेव्हा ते म्हणाले होते, तू तिकडे नीट शीक, मी इकडे सासूबाईंच्या तावडीतून वाचतो का ते बघतो. म्हणजे एका माणसाच्या शिक्षणासाठी सगळं घर हललं होतं. इतकं करून परत जायची वेळ आली तर कोणत्या तोंडाने जायचं, हा विचार ती सहसा मनात येऊ देत नसे.

आणि परत जायला लागणार नाही असं अजून कुणी म्हटलेलं नव्हतं. मार्गदर्शक असलेल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की सुरुवातीला फक्त सगळ्यांचं काम बघा, हात बसू द्या. दोघींनाही जमतंय असं वाटलं तर विषय ठरवू, नाही तर दोघींनीही वाईट वाटून घ्यायचं नाही.

हात बसवायचा प्रश्न तिला नव्हता. औषधांच्या कारखान्यात तिने नऊ वर्षं एकच काम केलं होतं. तयार झालेल्या इंजेक्शनांतल्या काही कुप्या उघडायच्या, त्यातलं औषध जंतूंना आवडेल अशा स्वच्छ पिवळसर द्रवात घालायचं, ते उबेला ठेवायचं आणि रोज उजेडासमोर धरून बघायचं. द्रव नितळ राहिला तर माल निर्जंतुक. जरासा जरी गढूळला तर त्यात काहीतरी जिवंत आहे, आणि मग अख्ख्या विभागात माणसं हळू आवाजात बोलू लागायची. तपासणीत असलेल्या मालावर पिवळी पट्टी, पास झालेल्यावर हिरवी. लाल पट्टी म्हणजे नापास, नष्ट करा. लाल पट्टी दिसल्यावर तिथे कुणी कुणाला विचारत नसे.

त्या सकाळी ती नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आली. कारखान्याची सवय सुटली नव्हती. आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या की भांडी फार साठली आहेत, कुणीतरी टाकाऊ सगळं एकदा निर्जंतुक करून धुवायला द्या. मधलीने मान डोलावली होती, आजोबाने ऐकलंच नव्हतं. तिने बाह्या सावरल्या आणि कामाला लागली. बुरशी आलेल्या बशा, जुन्या नळ्या, कुणीतरी विसरलेल्या बाटल्या तिने एकेक करून टोपलीत भरल्या. मग उबदार पेटीत संथपणे हलत असलेला एक फ्लास्क दिसला. आतला द्रव ताकासारखा गढूळ होता आणि मानेवर लाल पट्टी होती. तसलाच दुसरा थंड कपाटात होता. नापास माल हलवत कशाला ठेवलाय, असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण इथल्या लोकांच्या आळसाबद्दल तिचं मत आधीच बनलेलं होतं. दोन्ही फ्लास्क टोपलीत गेले, टोपली ऑटोक्लेव्हमध्ये गेली. वाफेच्या दाबाखाली जे जिवंत असेल ते मरतं. शिट्टी वाजली, झाकण उघडलं, उकडलेल्या रश्शासारखा ओळखीचा वास आला, आणि नवीन जागेत आल्यापासून पहिल्यांदाच तिला आपण काहीतरी नीट केलं असं वाटलं.

आजोबा आला, पिशवी खुर्चीवर टाकली आणि उबदार पेटीचं दार उघडून तसाच उभा राहिला. मग थंड कपाट उघडलं. मग पुन्हा पेटी.

"माझा फ्लास्क कुणी हलवला?"

तिने विचारलं, लाल पट्टीवाला का? तो हो म्हणाला. इथे प्रत्येकाचा पट्टीचा रंग ठरलेला होता. मधलीचा निळा, त्याचा लाल. ही इतकी साधी गोष्ट होती की तिला ती सांगायची असते हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

कारखान्याने एक गोष्ट अंगात मुरवली होती, की चूक झाली तर हात जागच्या जागी थांबवायचे आणि झालं ते सरळ सांगायचं. तिने सांगितलं. दोन्ही फ्लास्क, ऑटोक्लेव्ह, लाल पट्टीचा तिला माहीत असलेला अर्थ, सगळं.

तो स्टुलावर बसला.

"किती वेळ ठेवलेत?"

"पूर्ण वेळ. दाब आल्यावरच मोजायला सुरुवात केली."

"म्हणजे आतला एकही जीव वाचला नसेल."

"नाही."

"तरी म्हटलं," तो म्हणाला, "कामात चोख आहात."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मधलीने तिला बाजूला नेऊन त्या फ्लास्कमध्ये काय होतं ते सांगितलं. पिकाच्या मुळांना मदत करणारे मातीतले जिवाणू होते ते. खारावलेल्या जमिनीत ते तग धरत नाहीत, म्हणून आजोबा त्यांना वर्षभर मिठाची सवय लावत होता. रोज थोडा द्रव ताज्या, जरा जास्त खारट द्रवात घालायचा. जे वाचतील ते वाढतील, उद्या त्यांना आणखी मीठ. समुद्राच्या पाण्याहून खारट द्रवात ते आता मजेत वाढत होते. एक दिवस चुकवून चालत नसे, म्हणून आजोबा वर्षभर कुठेही गेला नव्हता. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून इथे येऊन द्रव बदलून परत गेला होता. आता ती रांगत होती आणि बायकोबरोबर गावी, आजीकडे होती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग आजोबाला विचारलं की गोठवून ठेवलेले नमुने आहेत ना. होते. दर काही दिवसांनी तो थोडे जिवाणू ग्लिसरीनमध्ये घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवत असे. पण काही आठवड्यांपूर्वी सुट्टीत फ्रीझर बंद पडला होता. दार उघडलं तेव्हा खाली पाण्याचं थारोळं होतं. दुरुस्तीनंतर सगळं पुन्हा गोठलं, पण नवे नमुने ठेवायचे राहिले आणि आतलं काही जिवंत आहे की नाही ते कुणी पाहिलं नव्हतं.

का पाहिलं नाही, असं मॅडमनी विचारलं.

"फ्लास्क चालू होता ना," आजोबा म्हणाला. "आणि बघायची भीती वाटत होती."

मॅडम तिच्याकडे वळल्या. "हे वाढले नाहीत तर याचं वर्ष गेलं. तुम्हालाही कळतंय, मलाही कळतंय. त्यावर आज बोलायचं नाही. कुप्या तुम्ही उघडा."

"मी?"

"अर्धमेले असतील. बाहेरचा एक जरी जंतू आत गेला तरी तोच वाढेल आणि यांना डोकं वर काढू देणार नाही. इथे सगळ्यांत स्वच्छ हात तुमचे आहेत."

खोक्यात पुन्हा गोठलेलं बर्फ घट्ट बसलं होतं. त्यातून सगळ्यांत शेवटी ठेवलेल्या तीनच कुप्या सुट्या निघाल्या. तिने हात धुतले, ज्योत पेटवली, आणि नऊ वर्षं जे केलं तेच केलं. फक्त या वेळी द्रव नितळ राहू नये म्हणून. मीठ निम्मंच ठेवलं होतं, आजाऱ्याला पेज द्यावी तसं. तीन फ्लास्क पेटीत हलायला लागले. आजोबा मागे उभा होता. त्याने एकदाही सूचना केली नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही नितळ होते.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिने लपवायचं ठरवलं होतं, पण ताईपुढे ते कधी जमलं नव्हतं. ताईने सगळं ऐकलं आणि विचारलं, त्या मुलाने आरडाओरडा केला का, बाईंनी हाकललं का. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "नऊ वर्षं जंतू मारायचा पगार खाल्लास. आता तीन भांड्यांतलं एक जगव म्हटलं तर लगेच रडायला लागलीस." मग आवाज उतरवून म्हणाली, परत यावंसं वाटलं तर ये, तोंडबिंड काही लागत नाही, दार उघडंच आहे. भाऊजी मागून ओरडले की खोली मात्र मिळणार नाही. फोन ठेवल्यावर ती खिडकीशी बसून राहिली. परत गेलं तर घरी कुणी बोलणार नाही हे आता नक्की झालं होतं. म्हणजे प्रश्न तोंडाचा नव्हता. तिला परत जायचंच नव्हतं, आणि आजोबाचं वर्ष बुडवून इथे राहताही येणार नव्हतं.

त्याच्या पुढच्या दिवशीही द्रव नितळच. आजोबाने फ्लास्क उजेडासमोर धरला आणि परत ठेवला. मधलीने दोघांना चहा आणून दिला. ती कारखान्यात नितळ द्रव बघून किती वेळा सुटकेचा श्वास टाकत असे, ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

तिसऱ्या दिवशी सणाची सुट्टी होती. ती दुपारी गेली. पहिला फ्लास्क नितळ. दुसरा नितळ. तिसरा तिने उजेडासमोर धरला, मग खाली घेऊन त्यामागे छापील कागद धरला. कारखान्यात शंका आली की असं करत. अक्षरांच्या कडा जराशा पुसट दिसत होत्या. तिने फ्लास्क हळूच फिरवला. आत रेशमासारखी एक सळ उठली आणि विरली.

तिने आजोबाला फोन केला. तो इतक्या लवकर आला की जवळच कुठेतरी घुटमळत असणार.

"बाहेरचं काही शिरलं असेल," तो पोचल्या पोचल्या म्हणाला.

"माझ्या हातून नाही," ती म्हणाली. बोलल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्या दिसल्या, जोडीजोडीने लगबगीने पळणाऱ्या. आजोबा म्हणाला, चाल तर घरचीच दिसतेय. पण दिसण्यावर जाऊन चालणार नव्हतं. तिने त्यातले थोडे पूर्ण खारट द्रवात घातले. बाहेरचा ऐरागैरा जंतू तिथे टिकला नसता. टिकायचे तर वर्षभर सवय झालेलेच टिकणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा आजोबा, मधली आणि मॅडम तिघंही पेटीपाशी होते आणि कुणीही दार उघडलं नव्हतं. तिची वाट बघत होते. तिने फ्लास्क बाहेर काढला. उजेडासमोर धरायची गरजच नव्हती. ताकासारखा गढूळ, दाट, सुंदर.

कुणी ओरडलं नाही. मधली खुर्चीत बसून एकदम रडायला लागली आणि आपण का रडतोय ते आपल्यालाच कळत नाही म्हणाली. आजोबाने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मॅडमनी फ्लास्क हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत दिला. तीनातली एकच कुपी जिवंत निघाली होती, आणि ती काही आठवड्यांपूर्वीची होती. तेवढे आठवडे पुन्हा करावे लागणार होते. "वर्षापेक्षा बरे," मॅडम म्हणाल्या. आजच नवे नमुने गोठवा, आणि अर्धे खालच्या मजल्यावरच्या फ्रीझरमध्ये ठेवा, असं सांगून त्या दाराकडे गेल्या. तिथून वळून तिला म्हणाल्या, "सोमवारी वेळ काढा. तुमचा विषय ठरवायला बसू."

ती हो म्हणाली.

नमुने गोठवून झाले तरी आजोबा जागचा हलेना. फ्लास्कपाशी जायचा, परत यायचा, टेबलावरच्या वस्तू उगीच सरळ करायचा. शेवटी तिच्याकडे न बघता म्हणाला, "अहो बाळ. मी दोन दिवस गावी जाऊन आलो तर चालेल का? रोजचा द्रव बदलायचा, बाकी काही नाही."

तिला आधी वाटलं तो थट्टा करतोय. तो करत नव्हता.

"माझ्यावर सोडून?"

"दुसऱ्या कुणावर सोडू? मधलीवर?"

"मी ऐकतेय," मधली म्हणाली.

त्याने द्रव किती घ्यायचा, मीठ किती वाढवायचं, सगळं सांगितलं. मग तेच पुन्हा सांगितलं. पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेला, परत आला, पेटीची काच पुसली.

"आजोबा," ती म्हणाली, "मुलगी चालायला लागेल. निघा."

तो हसला आणि गेला. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत गेल्याचा आवाज आला. मधली जेवायला गेली. मोकळ्या झालेल्या प्रयोगशाळेत पेटीची मोटर संथपणे गुणगुणत होती. तिला सकाळपासून काही खाल्लं नसल्याची आठवण झाली आणि एकाएकी भयंकर भूक लागली. तिने हात धुतले, बाहेरच्या खोलीतल्या खिडकीजवळची खुर्ची ओढली, डबा उघडला आणि सावकाश, पोटभर जेवली.