४१७ चे तीन सेकंद

९:४२:०५ — सेट ४१७ — ग्रुप कॉल — १९ सेकंद

"शेकर, खाल्लास का नाय रे काय? मामीनं करटोली काढून ठेवलीत तुज्यासाठी. आयतवारी ये. पाइपावर समदा ठीक हाय."

स्पीकरचा आवाज मोठा होता. मुंबईहून आलेले चार पाहुणे माझ्या पाठीमागे उभे होते. त्यातला एक हसला. आमच्या इंजिनिअर नम्रता मॅडमही हसल्या. त्यांचं हसणं वाईट नव्हतं.

"कोण हो हा, शेखर? तुमच्या ओळखीचा?"

"नाही मॅडम. मी ओळखत नाही. असेल कोणी गस्तवाला."

सॉफ्टवेअर बोलणं ठेवत नाही. कोण, कधी, किती वेळ, एवढंच ठेवतं. उरलेलं मी ठेवलंय.

२००४ चा ऑगस्ट. शहापूरचं नियंत्रण केंद्र म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि मी. धरणाकडून मुंबईला जाणाऱ्या पाइपलाइनवर एकशे बारा माणसं गस्त घालायची. प्रत्येकाकडे रेडिओ सेट, पण चॅनेल चारच. कोणी बटण दाबलं की कॉम्प्युटर मोकळं चॅनेल शोधून देई आणि माझ्या स्क्रीनवर त्या सेटचा नंबर हिरवा होई.

४१७ म्हणजे कोंडूमामा. आईचा भाऊ. मला किन्हवलीच्या शाळेत घालणारा. ओढ्याला पाणी असलं की खांद्यावर बसवून नेणारा. शाळेत पोरं आमच्या बोलीला हसायची. मी ती टाकली. मामानं टाकली नाही.

९:४४:३० — सेट ४१७ — केंद्रातून बंद

"चॅनेल अडवून बसणारा सेट इथूनच बंद करता येतो," मॅडम पाहुण्यांना सांगत होत्या. "दाखवा शेखर. कुठलाही एक घ्या."

कुठलाही एक. एकशे बारा होते. मी ४१७ वर क्लिक केलं. नंबर लाल झाला. पाहुण्यांनी माना हलवल्या.

परत चालू करायलाही एकच क्लिक लागतं. पाहुणे जेवायला गेले तेव्हा करता आलं असतं. पण ते संध्याकाळपर्यंत थांबणार होते, आणि मामानं पुन्हा काही विचारलं असतं. मग ते गेले. मीही घरी गेलो.

विसरलो, असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो.

(पुढच्याची नोंद नाही)

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा केंद्राच्या दारात उभा. तानसा धरणाच्या बाजूनं चालत आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. सेट टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलेला.

"मॅडम, सेट मेला. माज्या हातून बिगडला आसंल."

"पाण्यात पाडलात का?"

"आसंल."

"असेल काय? कालपासून तुमच्या भागातून काही खबर नाही. पाइप फुटला असता तर? असं असेल तर मला तिथे दुसरा माणूस ठेवावा लागेल."

मामा माझ्याकडे बघत नव्हता. "सायबांना एकदा बगू द्या," तो म्हणाला.

साहेब म्हणजे मी.

मी टॉवेल सोडला, बॅटरी काढली, पुसली, परत बसवली. दुसऱ्या हातानं स्क्रीनवरच्या लाल ४१७ वर क्लिक केलं. सेट टूं करून वाजला.

"बॅटरी सैल होती," मी म्हणालो.

"जपून वापरा हो," मॅडम म्हणाल्या.

"होय जी." मामानं टॉवेलाची घडी केली, खांद्यावर टाकली आणि तो निघाला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

तो गेल्यावर मी कॉम्प्युटरवर आदल्या दिवसाच्या नोंदींची यादी उघडली. माझ्या क्लिकची नोंद पुसता येते का, हे बघायला. ती पुसता येत नाही. पण तिच्या वर दुसरीच एक दिसली.

९:४२:२६ — नियंत्रण केंद्र — ग्रुप कॉल — ८ सेकंद

मामाला उत्तर द्यायला मी पायाखालचं पेडल दाबलं होतं. ते दाबलं की माझा आवाज सगळ्या सेटवर जातो. मॅडमनी मध्येच विचारलं, आणि पाय तिथेच राहिला.

सेट ४१७ तेव्हा चालू होता.

रविवारी मामाच्या पाड्यावर गेलो. मामीनं करटोली वाढली. मामा म्हणाला, "खा, सायब." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये सॉफ्टवेअरनं सहामाही अहवाल काढला. मॅडमनी ४१७ समोर हिरव्या पेनानं खूण केली. "सरासरी तीन सेकंद. बघा, सगळ्यांनी असं बोलायला पाहिजे."

९:४२:०० — सेट ४१७ — ग्रुप कॉल — ३ सेकंद

"केंद्र, चार-एक-सात. सर्व ठीक."

रोज हेच. शाळेतल्या मराठीत.

"ठीक, चार-एक-सात," मी म्हणतो, आणि पुढे आणखी काही बोलायचं म्हणून पेडलवरचा पाय काढत नाही. यादीत नियंत्रण केंद्रापुढे अकरा सेकंद पडतात.